बाबा पदमनजी यांचे ग्रंथ

मराठी वाङ्मयाच्या परीक्षेंत एक प्रश्न हटकून विचारला जातो, आणि त्याचें उत्तर मागच्या बाकावरचा विद्यार्थीहि न अडखळतां देतो. मराठींतील पहिली कादंबरी कोणती? ‘यमुनापर्यटन’. कर्ता कोण? बाबा पदमनजी. साल? १८५७. एवढें लिहिलें कीं गुण मिळतात, वही मिटते, आणि वहीबरोबर बाबा पदमनजीहि मिटले जातात. मीं स्वतः कित्येक वर्षें हा प्रश्न विचारला आहे व शेंकडों उत्तरें तपासलीं आहेत, परंतु “गुरुजी, त्या पुस्तकांत आहे तरी काय?” असा उलट प्रश्न करणारे विद्यार्थी मला एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भेटले. त्या थोड्यांसाठीं, आणि ज्यांच्या मनांत तो प्रश्न येऊनहि ओठांवर आला नाहीं त्यांच्यासाठीं, हा लेख आहे.

ह्या ग्रंथकाराची उपेक्षा दोन्ही बाजूंनीं झाली. हिंदु वाचकानें ‘हा तर मिशनऱ्यांचा मनुष्य, ह्याचें लिहिणें म्हणजे धर्मप्रसार’ असें म्हणून पुस्तक खालीं ठेवलें. ख्रिस्ती वाचकानें त्यांच्या धर्मांतराची कथा रविवारच्या शाळेंत भक्तिभावानें सांगितली, आणि पुस्तक मात्र त्यानेंहि उघडलें नाहीं. एकानें उपदेशक म्हणून टाकलें, दुसऱ्यानें उपदेशक म्हणून पूजिलें. लेखक म्हणून त्यांच्याकडे पाहणें दोघांच्याहि हातून राहून गेलें. आपल्या शाळेंत ह्या दोन्ही घरचीं मुलें एकाच बाकावर बसत आलीं आहेत. तेव्हां दोघांनीं एक पुस्तक मधें ठेवून वाचावें, एवढाच माझा आग्रह आहे.

बाबांचा जन्म १८३१ सालीं बेळगांव येथें एका कासार कुटुंबांत झाला. घरांत देवपूजा, व्रतें, उपासतापास आणि सणवार ह्यांचें वातावरण दाट होतें. शिक्षण प्रथम बेळगांवच्या मिशन शाळेंत व पुढें मुंबईस झालें. ज्या वर्षीं बाबा जन्मले त्याच वर्षीं मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम छापून निघाला, आणि ज्या वर्षीं ‘यमुनापर्यटन’ निघालें त्याच वर्षीं त्या कोशाची दुसरी आवृत्ति निघाली. हा निव्वळ योगायोग आहे हें खरें. परंतु सनावळी पाठ करणाऱ्यांस अशा योगायोगांचा उपयोग होतो, म्हणून सांगून ठेवतों. त्या कोशाशीं बाबांचा पुढें जो खरा संबंध आला तो योग्य स्थळीं येईलच.

मुंबईस असतां ते परमहंस मंडळींत जाऊं लागले. ही मंडळी १८४९ सालीं स्थापन झाली होती. जातिभेद मोडावा, मूर्तिपूजा सोडावी, विधवांचे विवाह व्हावे, अशीं तिचीं मतें. पण सर्व व्यवहार गुप्त. सभासद होणारास ख्रिस्ती मनुष्यानें भाजलेला पाव खावा लागे. दार लावून पाव खाणारे हेच तरुण घरीं गेल्यावर सोवळें नेसून पंगतीस बसत. त्यांस हंसण्याचें कारण नाहीं. बाहेर कळलें तर वाळींत पडण्याची भीति अगदीं खरी होती, आणि पुढें सभासदांचीं नांवें फुटलीं तेव्हां ती मंडळीच मोडली. तथापि एक गोष्ट दाराआड मानावयाची व दुसरी दाराबाहेर करावयाची, ह्या स्थितीचा बाबांस वीट आला असावा असें मला वाटतें. १८५४ च्या सप्टेंबर महिन्याच्या ३ तारखेस त्यांनीं बेळगांव येथें उघडपणें बाप्तिस्मा घेतला. वय वर्षें तेवीस. त्यानंतर त्यांनीं जें जें लिहिलें तें दार सताड उघडें टाकून लिहिलें. त्यांच्या लेखनाचे गुण आणि दोष हे दोन्ही ह्या उघडेपणांतून आले आहेत.

परंतु येथें विद्यार्थ्यांनीं एक साल नीट ध्यानांत ठेवावें, कारण त्यावर पुष्कळ कांहीं अवलंबून आहे. बाबांचा ‘स्त्रीविद्याभ्यासनिबंध’ निघाला तो १८५२ सालीं, म्हणजे बाप्तिस्म्याच्या दोन वर्षें अगोदर. स्त्रियांच्या दुःखाविषयींची त्यांची कळकळ धर्मांतराबरोबर मिळालेली नव्हे. ती आधींची, बेळगांवच्या घरांतून व मुंबईच्या विद्यार्थिदशेंतून बरोबर आणलेली होती. ‘धर्म सोडला म्हणून समाजास नांवें ठेवूं लागला’ असें म्हणणारांस हें एक सालच पुरेसें उत्तर आहे.

तो काळच निबंधाचा होता. लोकहितवादींचीं शतपत्रें १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रांतून येत होतीं. त्याच वर्षीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यास मुलींची शाळा काढली. ‘निबंध’ ह्या शब्दाचा अर्थ आज आपण वर्गांत घेतों तसा, ‘पावसाळ्यांतील एक दिवस’ अशा थाटाचा, नव्हता. निबंध म्हणजे लोकांपुढें मांडलेला दावा. पूर्वपक्ष घ्यावा, तो खोडून काढावा, दाखले द्यावे आणि शेवटीं वाचकास विचारावें कीं आतां तुमचें काय म्हणणें? मुलींनीं शिकावें कीं नाहीं हा त्या वेळीं खरोखरच दाव्याचा विषय होता. शिकलेली मुलगी विधवा होते, असें शहाणेसुरते लोक गंभीरपणें सांगत. १८५४ सालीं बाबांनीं ‘व्यभिचारनिषेधक बोध’ हें दुसरें पुस्तक लिहिलें, तेंहि ह्याच पंगतींतलें.

ह्या सर्व निबंधांत मात्र एक उणीव होती, आणि ती एकट्या बाबांची नव्हती. निबंध पुरुषानें लिहावयाचा, पुरुषानें वाचावयाचा, आणि स्त्री हा मधला विषय. तिच्याविषयीं सर्व बोलतात. ती बोलत नाहीं. १८५५ सालीं फुल्यांच्या शाळेंतील मुक्ता नांवाच्या मांग जातीच्या मुलीनें महारमांगांच्या दुःखाविषयीं एक निबंध लिहिला व तो ‘ज्ञानोदया’ंत छापून आला. ज्यांच्याविषयीं दावा चालला होता त्यांच्यापैकीं एक स्वतःच साक्षीस उभी राहिली. बाबांच्या निबंधाचें ह्याहून चांगलें समर्थन दुसरें कोणतें होणार? परंतु अशी मुक्ता एक. वाड्यांच्या माजघरांत कोंडलेल्या विधवांचें काय? त्यांना लिहितां येत नव्हतें, आणि त्यांचें बोलणें ऐकणारा कोणी नव्हता. निबंधकारास येथें आपलें साधन अपुरें पडूं लागलें, आणि माझ्या समजुतीप्रमाणें मराठी कादंबरी ह्या अपुरेपणांतून जन्मली.

१८५६ सालीं विधवाविवाहाचा कायदा झाला. सरकारनें परवानगी दिली. ती घेण्यास मात्र कोणी पुढें येईना. कायद्यानें विधवेच्या पुनर्विवाहास मान्यता दिली खरी, पण तसें केल्यास पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील तिचा हक्क जाईल, असेंहि त्याच कायद्यांत लिहिलें होतें. मुंबईंत पुनर्विवाहाचा गाजलेला पहिला समारंभ झाला तो १८६९ सालीं, विष्णुशास्त्री पंडित यांच्या खटपटीनें. म्हणजे कागदावरचा कायदा माजघरांत पोहोंचण्यास तेरा वर्षें लागलीं. त्या तेरा वर्षांच्या आरंभींच, १८५७ सालीं, ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचें निरूपण’ हें पुस्तक बाहेर पडलें. शीर्षकाचे दोन भाग पहा. ‘निरूपण’ म्हणतो तो निबंधकार. ‘पर्यटन’ म्हणतो तो गोष्ट सांगणारा. दोघेहि एकाच मुखपृष्ठावर बसले आहेत, आणि पुस्तकभर त्यांची ओढाताण चालते.

गोष्ट थोडक्यांत अशी. यमुना ही मिशन शाळेंत शिकलेली मुलगी. तिचा नवरा विनायकराव हा समंजस व नव्या विचारांचा. दोघें प्रवासास निघतात, आणि वाटेंत ठिकठिकाणीं त्यांस विधवा भेटतात. कोणाचें केशवपन झालेलें, कोणी त्याच्या धाकानें भेदरलेली, कोणी घरांतील राबणुकीनें पिचलेली, तर कोणी फसवणुकीस बळी पडलेली. प्रत्येकीची हकीकत कानीं पडते, आणि रात्रीं नवराबायको त्याविषयीं बोलत बसतात. आज आपल्याला ह्यांत विशेष कांहीं वाटणार नाहीं. परंतु त्या काळीं चारचौघांत नवऱ्यानें बायकोशीं बोलणेंहि चांगलें दिसत नसे, हें ध्यानांत आणावें. बायको मत देते, नवरा तें ऐकतो आणि त्यावर विचार करतो, हें दृश्य मराठी छापील पुस्तकांत नवें होतें.

प्रवासाची ही कल्पना बाबांस कोठून सुचली असेल? बनियनच्या प्रसिद्ध ग्रंथाचें हरि केशवजींनीं केलेलें ‘यात्रिकक्रमण’ हें मराठी भाषांतर १८४१ पासून मिशन शाळांत वाचलें जात होतें. तें बाबांच्या डोळ्यांपुढें असणें शक्य आहे. पण त्यासाठीं विलायतेपर्यंत जाण्याची गरज नाहीं. पायीं किंवा गाडीनें यात्रेस निघावें, मुक्कामोमुक्कामीं माणसें भेटावीं, त्यांचीं दुःखें ऐकावीं, हें महाराष्ट्रांतील प्रत्येक आजीचें अनुभवविश्व आहे. फरक इतकाच कीं यात्रेकरू देवाचें दर्शन घेऊन पुण्य गांठीं बांधून परततो. यमुना ज्या मूर्ति पाहत जाते त्या तासलेल्या डोक्यांच्या आहेत.

आणि मग पुस्तकाचा तो घाव येतो, ज्यासाठीं मी बाबांस खरा कादंबरीकार म्हणतों. विनायकरावास अपघातानें मृत्यु येतो. इतका वेळ जी दुसऱ्यांच्या कहाण्या ऐकत होती, कळवळत होती, नवऱ्यापाशीं तर्क करीत होती, ती एका क्षणांत त्याच रांगेंत जाऊन उभी राहते. पाहणारी होती, आतां तिच्याकडे पाहिलें जाऊं लागतें. केशवपनाचा प्रसंग तिच्यावरहि येऊन ठेपतो. निबंधांत हें करतां येत नाहीं. निबंधकार शंभर दाखले देईल, पण दाखले देणारासच दाखला करून दाखविणें हें कथेचेंच काम आहे.

शेवटीं ती त्या संकटांतून सुटते, ख्रिस्ती धर्म स्वीकारते व पुनर्विवाह करते.

हें पुस्तक मीं पहिल्यानें वाचलें तें मॅट्रिकच्या वर्षीं. दिवाळीच्या सुटींत शाळेच्या ग्रंथालयांतून तें घेऊन मी आमच्या धनज गांवीं, कारंज्याच्या तालुक्यांत, गेलों होतों. आमच्या आळींत त्या वेळीं एक वृद्धा रहात असे. अंगावर तांबडें आलवण, पदर कपाळावर ओढलेला, हातीं कांकण नाहीं, कपाळीं कुंकू नाहीं. सकाळीं ती समोर आली तर कामास निघालेला मनुष्य दोन पावलें मागें फिरून ओट्यावर टेकत असे व मग पुन्हां निघत असे. आम्ही मुलें खेळतांना तिच्यावरून एकमेकांस चिडवीत असूं. तिचें नांव मात्र आम्हांस ठाऊक नव्हतें. मला तें अद्यापहि ठाऊक नाहीं. ज्या रीतीविषयीं बाबांनीं लिहिलें तिचें हें अखेरचें शेंपूट आमच्या पिढीनें डोळ्यांनीं पाहिलें आहे. आजच्या विद्यार्थ्यांस ‘केशवपन’ हा शब्द टीपेवांचून कळत नाहीं, ह्याचा मला मनापासून आनंद होतो. पण त्यामुळेंच हें पुस्तक आतां त्यांना समजावून द्यावें लागतें.

आजीला अक्षर येत नव्हतें, पण ऐकण्याची हौस मोठी. ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ तिनें कित्येकदां ऐकलेले. रात्रीं कंदील मधें ठेवून मी तिला ‘यमुनापर्यटन’ वाचून दाखवूं लागलों. दिवसभर कापूस वेचून आलेल्या शेजारच्या दोनतीन बायाहि ओट्यावर येऊन बसत. पहिल्याच रात्रीं त्यांतील एकीनें मला थांबविलें. “आमच्यात त पाट लावतेत,” ती म्हणाली. तिला ह्या साऱ्या गोंधळाचा अर्थच लागेना. मी गप्प झालों. कुणबी, माळी इत्यादि पुष्कळ जातींत विधवेचा पाट लावण्याची चाल पिढ्यान् पिढ्या होती. पुनर्विवाहाचा निषेध मुख्यतः उंच म्हणविणाऱ्या जातींचा, आणि त्यांची बरोबरी करूं पाहणाऱ्यांचा. म्हणजे ‘हिंदुस्थानांतील विधवांची स्थिति’ असें बाबांनीं शीर्षकांत म्हटलें असलें तरी पुस्तकांतील दुःख हिंदुस्थानांतील सर्व विधवांचें नव्हतें. ही टीका मीं कोणत्याहि समीक्षाग्रंथांत वाचण्यापूर्वी धनजेच्या एका मजूर बाईच्या तोंडून ऐकली.

आतां दोषांविषयीं बोलण्यास संकोच नको. ‘यमुनापर्यटना’तील संवाद पुष्कळ ठिकाणीं संवाद राहत नाहींत. एखादी विधवा आपलें दुःख सांगत असते, तोंपर्यंत मराठी घरगुती असते. मग कोणीतरी तात्पर्य सांगूं लागतो आणि भाषा व्यासपीठावर चढते. वाचक ओशाळतो. शेवटहि मला सोपा वाटतो. धर्म बदलला, विवाह झाला, गांठ सुटली. ज्या समाजरचनेनें इतक्या स्त्रियांना चिरडलें ती जागच्या जागींच आहे, आणि नायिका तेवढी तिच्यातून बाहेर पडली आहे. मिशन शाळेच्या मासिकांत हें लिहितांना मला भीति वाटत नाहीं, कारण बाबांनीं स्वतःच आपल्याला उघडें बोलावयास शिकविलें आहे.

पण दोष दाखविल्यावर त्या सालाकडे पुन्हां पहावें. मुंबई विश्वविद्यालयाची स्थापना १८५७ ची. गुजरातींतील ‘करणघेलो’ १८६६ ची, बंगालींतील बंकिमचंद्रांची ‘दुर्गेशनंदिनी’ १८६५ ची, मलयाळींतील ‘इंदुलेखा’ तर १८८९ ची. ‘यमुनापर्यटना’पूर्वीची म्हणून १८५२ सालची ‘फुलमणि ओ करुणार विवरण’ ही बंगाली कथा दाखविली जाते. पण तिची कर्ती हॅना कॅथरिन मलेन्स ही युरोपियन मिशनरी कुटुंबांतील. बाबांपुढें आपल्या भाषेंत गिरविण्याजोगा कित्ताच नव्हता. पायवाट पाडणाऱ्याची चाल डौलदार नसते.

त्यांच्यामागून मराठी कादंबरी ह्या वाटेनें गेलीहि नाहीं. १८६१ सालीं लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली आणि वाचकांस अद्भुताची गोडी लागली. राजे, प्रधान, कारस्थानें, ताटातूट आणि सुखकर भेटी. १८७१ मध्यें गुंजीकरांनीं ‘मोचनगडा’नें इतिहासाचें दार उघडलें. घरांतील बाईच्या दुःखाकडे कादंबरी पुन्हां वळली ती हरि नारायण आपटे यांच्या हातीं. त्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांतून येऊं लागली. तिच्या नायिकेचें नांव काय? यमुना. तिचाहि नवरा समंजस, तिलाहि तो शिकवितो, तोहि अकालीं जातो, आणि तिच्यापुढेंहि न्हाव्याचा वस्तरा येतो. मात्र ही यमुना सुटत नाहीं. आपट्यांच्या नायिकेस हें नांव कोठून मिळालें ह्याचा तर्क मी करीत नाहीं. परंतु तेहेतीस वर्षांच्या अंतरानें उभ्या असलेल्या ह्या दोन यमुना विद्यार्थ्यांनीं शेजारीं शेजारीं ठेवून वाचाव्या. कलेच्या दृष्टीनें दुसरी कितीतरी श्रेष्ठ आहे. ती आपली कहाणी स्वतः सांगते, आणि कोणी तात्पर्य सांगावयास येत नाहीं. पहिलीनें दार उघडून ठेवलें होतें, दुसरी तेथपर्यंत पोहोंचूं शकली नाहीं.

कादंबरीकार बाबा एवढ्यावर थांबले. त्यांचा पुढचा व्याप फार मोठा व फार निराळा आहे. लहानमोठीं मिळून शंभराहून अधिक पुस्तकें त्यांच्या नांवावर आहेत. १८६० सालीं त्यांची ‘शब्दरत्नावली’ निघाली, आणि १८६३ सालीं मोल्सवर्थच्या प्रचंड कोशाचा त्यांनीं केलेला संक्षेप. हें काम कोणास रुक्ष वाटेल. मला मात्र कादंबरीनंतर लागलीच कोशाकडे वळणारा हा मनुष्य फार आवडतो. मोल्सवर्थचा मूळ ग्रंथ म्हणजे दोन हातांनीं उचलण्याची वस्तु. तो कचेरींत किंवा साहेबाच्या मेजावर शोभावा. संक्षेप शाळेंतल्या मुलाच्या दप्तरांत जाऊं शकतो. कोणते शब्द ठेवावे व कोणते गाळावे हें ठरवीत एका मनुष्यानें सबंध भाषा अशी हाताखालून घालावी, म्हणजे तिचा कणनूकण त्याला ओळखीचा होतो. पाळकाची दीक्षा त्यांनीं १८६७ सालीं घेतली, पण पुढें तें काम सोडून लेखन व संपादन ह्यांसच वाहून घेतलें. ‘सत्यदीपिका’ मासिक त्यांनीं चालविलें; नव्या करारावर मराठींत विस्तृत टीका लिहिली. धर्मग्रंथाचा अर्थ सामान्य वाचकास समजेल अशा मराठींत पानोपान सांगावयाचा, तर कोशकाराची शिस्त अंगीं असावीच लागते.

वादग्रंथांविषयीं मी थोडक्यांत उरकतों. १८५७ सालींच मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी ह्यांचे जाहीर वाद झाले, आणि त्यानंतर बरीच वर्षें दोन्ही पक्ष पुस्तकांनींहि लढत राहिले. बाबांचें ‘कृष्ण आणि ख्रिस्त यांची तुलना’ हें १८६७ सालचें पुस्तक त्याच रणांगणावरचें. दुसऱ्याच्या पूज्य देवतेस आपल्या तराजूंत घालून तोलणें आज आपल्याला रुचत नाहीं, आणि रुचूं नये. अशा वादांत दोन्हीकडचे लोक आधींच ठरलेलें उत्तर सिद्ध करीत असतात. किनाऱ्यावर पुरुषांचा वाद रंगला होता त्याच वर्षीं ज्यानें माजघरांतील बायकांचें बोलणें कान देऊन ऐकलें, त्याच लेखकाचें हें पुस्तक आहे, हें मनास पटवून घ्यावें लागतें.

‘अरुणोदय’ मात्र कोणीहि वाचावें. हें आत्मचरित्र १८८८ सालीं प्रसिद्ध झालें. मराठींत तोंपर्यंत आत्मचरित्रें म्हणण्यासारखीं थोडीं. दादोबा पांडुरंगांचें तर छापून निघावयास १९४७ साल उजाडलें. ‘अरुणोदया’चा हेतु धर्मांतराची हकीकत सांगण्याचा आहे, परंतु ती सांगतांना बाबा मागें वळून ज्या घराकडे पाहतात तें घर प्रेमानें रंगविलेलें आहे. जी व्रतें त्यांनीं सोडलीं त्यांचे तपशील त्यांना नेमके आठवतात. ज्या माणसांना आपल्या निर्णयानें दुःख झालें त्यांच्याविषयीं ते तुच्छतेनें बोलत नाहींत. तुलनेच्या पुस्तकांतला लढवय्या येथें म्हातारा झाला आहे, आणि तें त्याला शोभतें. ह्याच सुमारास, १८८९ च्या मार्च महिन्यांत, पंडिता रमाबाईंनीं मुंबईस शारदासदन उघडलें. विधवेस सुटण्यासाठीं कोणा विनायकरावाची किंवा दुसऱ्या नवऱ्याची गरज न राहतां शिकून स्वतःच्या पायांवर उभें राहतां यावें, असें तें घर होतें. बाबांच्या कादंबरीचा जो शेवट मला सोपा वाटला त्याला हें उत्तर एका विधवेनें स्वतः दिलें, आणि तें पाहण्यास बाबा हयात होते. १९०६ च्या ऑगस्टमध्यें ते वारले.

आजीपुढें तें पुस्तक वाचून संपावयास पांच रात्री लागल्या. शेवटचें पान मीं बऱ्याच आवेशानें वाचलें, कारण यमुनेचें भलें झालें होतें आणि मला बरें वाटलें होतें. बाया उठून गेल्या. आजी तशीच बसून होती. मागच्या आळींतल्या त्या वृद्धेच्या घरांत तेव्हां दिवा नव्हता, हें मला आठवतें.

“मंग बाकीच्या बायायचं काय झालं?” तिनें विचारलें.

मला वाटलें, तिला डुलकी लागली असावी व कांहीं ऐकावयाचें राहिलें असावें. मी म्हटलें, “कोणत्या बाया, आजी?”

“त्या. वाटेत भेटल्या होत्या त्या.”

मीं कंदील जवळ ओढला आणि मागचीं पानें चाळूं लागलों.